बिबळ्याचे वेळापत्रक आणि आपले

बोरिवली, मुलुंड, गोरेगाव किंवा ठाण्याच्या येऊर बाजूस राहणाऱ्या वाचकांना एक बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी वाचावयास मिळते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारात मध्यरात्रीनंतर बिबळ्या येऊन गेल्याचे कॅमेऱ्याने टिपलेले असते. कुंपणाच्या भिंतीवरून तो खाली उतरतो, उभ्या मोटारींच्या मधून चालत जातो, क्षणभर थांबून कानोसा घेतो आणि आल्या वाटेने निघून जातो. चित्रात एवढेच असते. सकाळी सभासदांची तातडीची सभा भरते, वन खात्याकडे निवेदन जाते, पिंजरा लावण्याची मागणी होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो : 'बिबळ्याचा वस्तीत शिरकाव.'

या मथळ्यातील 'शिरकाव' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. ज्याने आपली हद्द ओलांडून प्रथमच दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले, त्याच्या बाबतीत तो शोभतो. परंतु आवारात आलेला बिबळ्या त्या रात्री पहिल्यांदाच आला होता, असे मानण्यास सहसा कोणताच आधार नसतो. कित्येक वर्षे तो त्याच वाटेने आणि त्याच सुमारास येत-जात असण्याचा संभव अधिक असतो. नवा असतो तो भिंतीवरचा कॅमेरा. आपण शहराची वाटणी जागेवरून करतो. भूखंड, प्रभाग, सर्व्हे क्रमांक, कुंपण ही आपली मोजमापे. या वाटणीत वन्य प्राण्याला द्यावयास आपल्याजवळ जागा उरलेली नाही. त्याने मात्र निराळी वाटणी स्वीकारली आहे. जागा तीच, पण वेळ वेगळी. आपण निजलो की त्याचा दिवस उगवतो आणि पहिल्या लोकलच्या सुमारास तो मावळतो.

ही वाटणी त्याने कशी केली, तिची किंमत कोण मोजतो आणि ती मोडण्याच्या मार्गावर आपण आहोत काय, हे प्रश्न केवळ प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांपुरते नाहीत. त्यांचा संबंध महापालिकेच्या कचऱ्याशी, वीज मंडळाच्या वेळापत्रकाशी आणि पाड्यांवरील मुलाबाळांच्या सुरक्षिततेशी आहे.

देहातले घड्याळ

सजीवांच्या अंगी काळाचे भान उपजतच असते, ही कल्पना नवी नाही. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. सूर्यप्रकाश मिळत नसतानाही त्याची पाने दिवसाच्या वेळी उघडत आणि रात्रीच्या वेळी मिटत राहिली. झाडाला वेळ बाहेरून कळत नसून त्याच्या आतच काही घड्याळ असावे, या तर्काचा आरंभ येथे झाला. पुढे हे घड्याळ पेशींमधील जनुकांच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सस्तन प्राण्यांत या घड्याळाचे मुख्य ठाणे मेंदूमध्ये, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंची जेथे फुली होते त्याच्या किंचित वर, पेशींच्या एका इवल्याशा पुंजक्यात आहे. डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून ते रोज लावून घेतले जाते.

घड्याळ मात्र केवळ उजेडावरच लावले जाते असे नाही. मदुराई येथील प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला वटवाघळांवरील प्रयोग या संदर्भात मोठा बोलका आहे. गुहेच्या नित्य अंधारात पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळांना सूर्योदय-सूर्यास्ताची गंधवार्ता नव्हती. तरीही त्यांच्या फडफडाटाची वेळ चुकली नाही, कारण त्याच गुहेतील मोकळी वटवाघळे रोज सायंकाळी बाहेर पडत आणि पहाटे परतत. जातभाईंची ये-जा हेच बंदिवानांचे घड्याळ झाले. जेथे अशी ये-जा नव्हती, तेथे त्यांची वेळ हळूहळू घसरत गेली.

शहरातील वन्य प्राण्याच्या बाबतीत ही ये-जा माणसांची असते. सूर्य त्याला दिवस कोणता आणि रात्र कोणती ते सांगतो. पण बाहेर पडणे सुरक्षित केव्हा, हे माणूस सांगतो. शेवटची बस गेली, दुकानांच्या फळ्या पडल्या, फिरस्ते पांगले, की त्याला इशारा मिळतो. घूस, कांडेचोर, कोल्हा, बिबळ्या यांच्यापैकी प्रत्येकजण आपापल्या परीने हा इशारा वाचतो. माकड आणि खार यांच्या अंगी मात्र रात्रीचे डोळे नाहीत. त्यांना आपल्याबरोबरच दिवस काढावा लागतो आणि म्हणून त्यांचे आपल्याशी होणारे तंटेही दिवसाढवळ्या होतात.

रात्रीकडे परतणे

हा केवळ तर्क नव्हे. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात केटलिन गेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांविषयीचे ७६ अभ्यास त्यांनी एकत्र करून तपासले. निष्कर्ष असा निघाला, की जेथे माणसाचा वावर अधिक तेथे प्राण्यांचे रात्रीचे व्यवहार सरासरीने १.३६ पटींनी वाढलेले असतात. म्हणजे, ज्याचे व्यवहार दिवस आणि रात्र यांत निम्मेनिम्म वाटलेले आहेत, असा प्राणी माणसाच्या शेजारी आला की आपले ६८ टक्के व्यवहार रात्री उरकू लागतो. पोलंडमधील रानडुकराचे उदाहरण पाहावे. अरण्यात त्याचे सुमारे ४८ टक्के व्यवहार रात्रीचे असतात. महानगराच्या परिसरात हेच प्रमाण ९० टक्क्यांवर जाते.

या निबंधातील सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट वेगळीच आहे. प्राणी रात्रीकडे वळतो तो केवळ बंदूकधारी शिकाऱ्याच्या भीतीने, असे दिसून आले नाही. शिकारी असो की निरुपद्रवी सहलकरू, शेती असो की रस्ता, परिणाम जवळजवळ सारखाच आढळला. आपण काही करावे लागत नाही. आपले तेथे असणे पुरते. शनिवार-रविवारी कान्हेरीला सहलीस जाणाऱ्या सज्जन कुटुंबाने एका पाखरालाही खडा मारलेला नसतो, तरीही त्याच्या पायरवाने रानातील दिवसाचा एक तुकडा कोणाच्या तरी हातून निसटलेला असतो.

परदेशांतील मोठ्या शहरांतून याचे तपशीलवार अभ्यास झाले आहेत. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात खोकडांच्या हालचालींची नोंद घेण्यात आली, तेव्हा असे दिसले, की वाहतुकीचा जोर असतो त्या पूर्वरात्री ते मोठे रस्ते ओलांडावयाचे टाळतात आणि मध्यरात्रीनंतर रहदारी ओसरली म्हणजे ओलांडतात. शिकागो शहर आणि त्याच्या उपनगरांत कायोटी हा कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातील प्राणी मोठ्या संख्येने राहतो. २००० सालापासून तेथे त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून पाहणी चालू आहे. लक्षावधी नागरिकांच्या मधोमध राहूनही हे प्राणी बहुतेकांच्या दृष्टीस पडत नाहीत. याचे कारण त्यांनी आपला सारा संसार रात्रीवर नेऊन ठेवला आहे.

या घटनेला एक फार जुना संदर्भ आहे. महाकाय सरडे पृथ्वीवर वावरत होते त्या काळात आद्य सस्तन प्राणी लहानखुरे आणि निशाचर होते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते सरडे नष्ट झाले आणि त्यानंतर हळूहळू सस्तन प्राण्यांनी दिवसाच्या उजेडात पाऊल टाकले. त्या धीट पावलांतूनच पुढे माकडांचे आणि आपले कूळ निघाले. आज आपल्या भीतीने इतर सस्तन प्राणी पुन्हा रात्रीच्या आडोशाला जात आहेत. त्या महाकाय सरड्यांची जागा आता कोणी घेतली आहे, हे सांगावयास नको.

महाराष्ट्राचा अनुभव

या विषयात महाराष्ट्राने जगाला काही शिकविले आहे, याची जाणीव मराठी वाचकाला क्वचितच असते. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या खोऱ्यात हा अभ्यास झाला तेथे अरण्य नाही, हरणे नाहीत. ऊस आहे, भाजीपाला आहे आणि चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे आहेत. अशा ठिकाणी शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबळे राहत असल्याचे आढळले. त्यानंतर गळ्यात पट्टे घातलेल्या बिबळ्यांच्या हालचालींचा अभ्यास झाला, तेव्हा याचे मर्म कळले. दिवसा हे बिबळे घरांपासून दूर, दाट आडोशाला बसून राहत. रात्री निजानीज झाली की घरांच्या अगदी जवळून जात. घरात झोपलेल्याला त्याचा पत्ताही नसे.

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची कथा हीच आहे, फक्त अधिक दाटीवाटीची. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या रानाला तीन बाजूंनी महानगराने वेढले आहे. आरे वसाहतीसह या परिसरात अलीकडील गणनांनुसार सुमारे पन्नास बिबळे राहतात. त्यांच्या आहारात रानातील चितळ-सांबर आहेत, तसेच वस्तीच्या कडेची भटकी कुत्रीही आहेत. कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांच्या मागे बिबळ्या येतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असा अंदाज केला आहे, की येथील बिबळे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावण्याच्या सुमारे हजार घटना टळत असाव्यात. आकडे अंदाजाचे आहेत, हे मान्य. तरीही ज्याला आपण केवळ संकट समजतो तो काही देणेही देऊन जातो, हे त्यातून दिसते.

पण या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००४ च्या जून महिन्यात या उद्यानाच्या परिसरात बिबळ्यांनी नऊ-दहा माणसांचे बळी घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरे वसाहतीत दीड वर्षही पूर्ण न झालेल्या एका मुलीचा बळी गेला. ज्या आईचे मूल गेले, तिला सहअस्तित्वाचे तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार इमारतीच्या दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या कोणालाही नाही. या वाटणीत धोका पत्करणारा बहुधा गरीब असतो. ज्या पाड्यात घराजवळ शौचालय नाही, वाटेवर दिवा नाही, जेथे अंधारातच बाहेर पडावे लागते, तेथील माणसाची वेळ आणि बिबळ्याची वेळ एकमेकींवर आदळतात. अपघात घडतो तो येथे.

मग पिंजरा लावून बिबळे दूर सोडून का देऊ नयेत, असा प्रश्न सहजच विचारला जातो. हा उपाय आपण करून पाहिला आहे आणि तो उलटला आहे. जुन्नर वन विभागात बिबळे पकडून इतरत्र सोडण्याची मोहीम २००१ ते २००३ या काळात झाली. तत्पूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. त्यानंतर ते १७ वर गेले. बाहेरून पकडलेले बिबळे मुंबईच्या उद्यानातही सोडले जात आणि २००४ च्या हल्ल्यांशी अभ्यासकांनी या प्रथेचा संबंध जोडला आहे. अनोळखी मुलखात टाकलेल्या प्राण्याला ना पाणवठा ठाऊक असतो, ना माणसांच्या ये-जा करण्याच्या वेळा. वर्षानुवर्षे शिकलेले त्याचे वेळापत्रक आपण एका रात्रीत फाडून टाकतो. शिवाय तो जागेवर राहतोच असेही नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून काढलेला, 'आजोबा' या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेला बिबळ्या माळशेज घाटात सोडण्यात आला. महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या वेशीवर येऊन पोहोचला, तोही वाटेत कोणाला इजा न करता. २०११ मध्ये रस्त्यावर एका वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच वर्षी केंद्र शासनाने बिबळ्यांविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्थलांतराला अनुकूलता दाखविलेली नाही.

माणसावर हल्ले करण्यास सोकावलेल्या प्राण्याला मात्र हलविलेच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो भिंतीवरून मुकाट्याने येऊन-जाऊन असणाऱ्याविषयी.

रात्रही आपणच घेणार काय?

आतापर्यंत प्राण्यांनी आपल्याला दिवस सोडून दिला आणि रात्र राखली. परंतु आता रात्रीवरही आपला हात पडू लागला आहे. शहरे चोवीस तास जागी राहावीत, ही प्रगतीची खूण मानली जाते. रस्त्यांवरील पिवळसर दिव्यांच्या जागी पांढरे झगझगीत दिवे आले. या पांढऱ्या उजेडात निळ्या छटेचा जो अंश असतो, तोच देहातील घड्याळाला 'अजून दिवस आहे' असे सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ गार्डन आयलंड नावाचे बेट आहे. तेथील नाविक तळाच्या दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या वॉलबी या कांगारूच्या लहान भाईबंदांची पिले, अंधारात राहणाऱ्यांच्या पिलांपेक्षा सुमारे महिनाभर उशिरा जन्मतात, असे २०१५ मध्ये आढळून आले. दिवे कोणालाही मारीत नाहीत. पण चाऱ्याचा हंगाम आणि पिलाचा जन्म यांची गाठ ते सोडवतात.

उलट, आपण थोडे मागे सरलो तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या ४३ जातींच्या सुमारे २३०० सस्तन प्राण्यांच्या हालचालींची जी नोंद झाली, तिच्यावरून असे दिसले की जेथे निर्बंध कडक होते तेथे प्राण्यांची दहा दिवसांतील लांब पल्ल्याची मजल ७३ टक्क्यांनी वाढली आणि ते सरासरीने रस्त्यांच्या ३६ टक्के अधिक जवळ आले. इस्राएलमधील तेल अवीव शहराच्या उद्यानात कोल्हे भरदिवसा फिरू लागले. दिवस त्यांनी आवडीने सोडलेला नव्हता. तो आपण सोडावयास लावला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

वेळेची शिस्त

तेव्हा प्रश्न जागेचा जितका आहे तितकाच वेळेचा आहे, आणि वेळेची व्यवस्था लावणे हे शासनाच्या व नागरिकांच्या हातचे काम आहे. पहिली गोष्ट कचऱ्याची. रानालगतच्या वस्तीतील कचरा सूर्यास्तापूर्वी उचलला गेला, तर रात्री त्यावर कुत्री जमणार नाहीत आणि कुत्र्यांमागे बिबळ्या येणार नाही. दुसरी गोष्ट उजेडाची. पाड्यांच्या पायवाटांवर दिवे हवेतच, आणि घराजवळ शौचालयेही हवीत. पण दिवा खाली वाटेवर पडावा, रानावर नव्हे. आज परिस्थिती नेमकी उलट आहे. पाडा अंधारात असतो आणि शेजारच्या संकुलाचे झोत झाडांच्या शेंड्यांवर रात्रभर जळत असतात.

तिसरी गोष्ट रस्त्यांची. कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतूक बंद ठेवण्यात येते. महानगरातून जाणारा घोडबंदर रस्ता असा बंद ठेवता येणार नाही, हे उघड आहे. तेथे बिबळे वाहनांखाली सापडले आहेत. मात्र वेगमर्यादा आणि प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाट, या गोष्टी अशक्य कोटीतील नव्हेत.

चौथी गोष्ट शहराबाहेरची असली तरी सर्वांत निकडीची आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांतील शेतकऱ्याला पंपासाठी वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की त्याला कंदील घेऊन उसाच्या कडेने जावे लागते. बिबळ्याने पाळलेली वेळ येथे आपल्या कार्यालयीन वेळापत्रकाने मोडली आहे. दिवसा वीज द्या, ही तेथील शेतकऱ्यांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. सौर ऊर्जेवर कृषिपंप चालविण्याच्या राज्य शासनाच्या योजनेने ती मान्य झाल्यासारखी दिसते. तिची पूर्तता जितकी लांबेल तितके दिवस हा धोका शेतकऱ्याच्या माथी राहील. वन्य प्राण्यांचे रक्षण हा केवळ वन खात्याचा विषय नसून तो वीज कंपनीचाही आहे, हे यावरून ध्यानी यावे.

शेवटची गोष्ट शाळांची. मुंबईत २०११ पासून वन खाते, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून उद्यानालगतच्या वस्त्यांतून लोकशिक्षणाचे काम चालविले आहे. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे सोडू नये, अंधारात जाताना बोलत वा गाणे लावून जावे, बिबळ्या दिसल्यास त्याला घेरू नये आणि वाट मोकळी ठेवावी, अशा त्यातील सूचना साध्या आहेत. त्या रानालगतच्या प्रत्येक शाळेत सांगितल्या जाव्यात. हे काम शिक्षकांइतके चांगले दुसरे कोणी करू शकणार नाही.

आपल्या आजीला हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. दिवेलागणीला मुले घरात, गुरे गोठ्यात आणि दार लोटलेले, हा तिचा नेम होता. त्या नेमात भीती होती, तशी बाहेरच्या कोणाची तरी वेळ आता सुरू झाली आहे ही समजही होती. शहरात राहून तो नेम जसाच्या तसा पाळणे आपल्याला शक्य नाही. परंतु कचरा, दिवे, वीज आणि रस्ते यांचे निर्णय घेणाऱ्यांनी ती समज बाळगली, तर पुढील वेळी आवारातील कॅमेऱ्यात बिबळ्या दिसला म्हणून पिंजरा मागण्याची वेळ येणार नाही. पहारेकऱ्याने वाट मोकळी ठेवली की तो आपल्या वेळेला येईल आणि आपल्या वेळेला निघून जाईल.